कापूस न पेरण्याचे लाख डॉलर आणि वेचणाऱ्यांची उपासमार: सनफ्लॉवर काउंटीच्या फॅनी लू हेमर यांची गोष्ट

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा छोटा जिल्हा समजा. नाव सूर्यफुलाचं असलं तरी पीक मात्र कापसाचं. मिसिसिपी नदीच्या गाळाची काळीभोर, सपाट जमीन. या भागाला डेल्टा म्हणतात.

१९६० च्या दशकात या एकाच काउंटीत, एकमेकांपासून काही मैलांवर दोन माणसं राहायची.

एक होते जेम्स ईस्टलँड. अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य, सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष आणि डॉड्सव्हिल गावाजवळच्या पाच हजारांहून जास्त एकर जमिनीचे मालक.

दुसरी होती फॅनी लू हेमर. वीस भावंडांमधली शेंडेफळ. वयाच्या सहाव्या वर्षापासून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारी.

ईस्टलँड यांना सरकारकडून कापसाचं अनुदान म्हणून वर्षाला लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळायची. त्यातला मोठा भाग ठरावीक जमिनीवर कापूस न पेरल्याबद्दल असायचा. आणि त्याच कापसावर पोट असलेल्या हजारो कुटुंबांच्या घरात तेव्हा चूल पेटत नव्हती.

हा पैसा नेमका कुठून येत होता, कुणाला मिळत होता आणि कुणाला मिळत नव्हता, हे समजून घ्यायचं असेल तर हेमर यांचं आयुष्य पाहायला हवं.

चॉकलेट-बिस्किटाच्या आमिषाने सुरू झालेली वेचणी

फॅनी लूचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ चा, मिसिसिपीतल्याच माँटगोमेरी काउंटीतला. ती दोन वर्षांची असताना आईवडील, लू एला आणि जेम्स ली टाउनसेंड, सनफ्लॉवर काउंटीत रुलव्हिल गावाजवळ आले.

ते बटाईने शेती करायचे. जमीन गोऱ्या मालकाची, कष्ट काळ्या कुटुंबाचे, पीक निम्मं-निम्मं. ऐकायला ठीक वाटतं. पण बियाणं, खत, घरातलं पीठमीठ सगळं मालकाकडून उधारीवर घ्यायचं. हिशोबाची वही मालकाकडे. वर्षाअखेरीला हिशोब झाला की बटाईदाराच्या हातात काहीच उरायचं नाही, उलट पुढच्या वर्षाचं कर्ज डोक्यावर. आपल्याकडच्या सावकारी वहीची गोष्ट ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फॅनी लू सहा वर्षांची असताना मालकाने तिला विचारलं की कापूस वेचशील का. वेचलास तर माझ्या दुकानातून खाऊ देईन. तिने वेचला, खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यात त्याने दुप्पट वेचायला सांगितलं. मग ते थांबलंच नाही. तेरा वर्षांची होईपर्यंत ती दिवसाला २०० ते ३०० पौंड, म्हणजे साधारण एक ते सव्वा क्विंटल कापूस वेचत होती. तेही लहानपणी पोलिओ होऊन पाय अधू झालेला असताना.

शाळा वेचणीचा हंगाम संपल्यावर भरायची. जेमतेम सहा वर्षं ती शाळेत गेली. वाचायला मात्र तिला मनापासून आवडायचं.

एकदा घरात चार पैसे शिल्लक पडले. वडिलांनी खेचरं आणि अवजारं घेतली. आता बटाई सोडून स्वतःच्या हिमतीवर शेती करू, असं घरात बोलणं सुरू झालं. एका रात्री कुणीतरी खेचरांच्या चाऱ्यात विष कालवलं. जनावरं मेली आणि कुटुंब पुन्हा बटाईवर आलं. काळ्या माणसाने वर यायचं नाही, हा तिथला न लिहिलेला कायदा होता.

१९३३: सरकार म्हणालं, उभा कापूस नांगरून टाका

आता थोडं थांबून अनुदानाची भानगड समजून घेऊ.

१९२९ नंतर जगभर महामंदी आली. कापसाचे भाव कोसळले. शेतकऱ्यांनी नुकसान भरून काढायला आणखी कापूस पेरला, त्यामुळे भाव आणखी पडले. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने शेतीसाठी नवा कायदा केला. कल्पना सोपी होती. उत्पादन कमी करा, म्हणजे भाव वाढतील. आणि कमी पेरणाऱ्याला सरकार पैसे देईल.

त्या वर्षी कायदा होईपर्यंत कापूस उगवून वर आला होता. मग सरकारने उभं पीक नांगरून टाकायला सांगितलं. एक कोटी एकरांच्या आसपास कापूस मोडला गेला. भाव खरोखरच वाढले. त्यामुळे योजना फसली असं म्हणता येत नाही.

गडबड झाली ती पैसे वाटण्यात.

सरकारचा करार जमीनमालकाशी होता. १९३४-३५ च्या करारात न पिकवलेल्या कापसाच्या प्रत्येक पौंडामागे साधारण साडेचार सेंट मिळायचे. त्यातला बटाईदाराचा वाटा होता अर्धा सेंट. म्हणजे मालकाला आठ रुपये आणि बटाईदाराला एक रुपया, असं प्रमाण. तो एक रुपयाही मालकाच्या हातून यायचा आणि बऱ्याचदा जुन्या उधारीत वळता व्हायचा.

त्याहून वाईट म्हणजे, जमीन कमी पेरायची तर माणसंही कमी लागणार. बटाईदारांना शक्यतो काढू नका, असं करारात होतं. पण त्या 'शक्यतो'ला काही अर्थ नव्हता. हजारो कुटुंबं जमिनीवरून हटवली गेली. शेजारच्या आर्कान्सा राज्यात १९३४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या बटाईदारांनी मिळून संघटना काढली. कृषी खात्यातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी बटाईदारांच्या बाजूने नियमाचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, तर १९३५ मध्ये त्यांनाच घरी बसवण्यात आलं.

१९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, पण नव्या रूपात अनुदान चालूच राहिलं. आणि एक गोष्ट कायमची ठरून गेली: ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या नावावर चेक.

काटा मारणारे आणि काटा सरळ करणारी

१९४४ मध्ये फॅनी लू यांचं लग्न पेरी हेमर यांच्याशी झालं. सगळे त्यांना पॅप म्हणायचे. दोघं रुलव्हिलजवळ मार्लो नावाच्या मालकाच्या प्लँटेशनवर राहू लागले.

लिहिता-वाचता येत असल्याने हेमर यांना तिथे मजुरांची हजेरी आणि वेचलेल्या कापसाचं वजन लिहायचं काम मिळालं. इथे त्यांनी मालकाची चलाखी रोज जवळून पाहिली. काट्यावरचं वजन असं ठेवलेलं असायचं की मजुराचा कापूस कमी भरावा. हेमर स्वतःचं वेगळं वजन लपवून न्यायच्या. मालक जवळ नसला की ते लावायच्या, म्हणजे मजुराला त्याच्या कष्टाचं बरोबर माप मिळायचं. पकडल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यांना माहीत होतं.

दरम्यान डेल्टा बदलत होता. १९४४ मध्येच क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन प्लँटेशनवर कापूस वेचणारी यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवली गेली. तणनाशकं आली, त्यामुळे निंदणीचं कामही कमी झालं. ही यंत्रं घ्यायला भांडवल लागायचं. ज्यांना अनुदानाचे चेक मिळत होते, त्यांच्याकडे ते होतं.

१९६१ मध्ये हेमर गर्भाशयातली गाठ काढायला हॉस्पिटलमध्ये गेल्या. डॉक्टरने त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास व्हायचं की पुढे हेमर यांनी त्याबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. या जोडप्याला स्वतःचं मूल झालं नाही. त्यांनी दोन मुली वाढवल्या.

मतदानाचा हक्क आहे, हे ४४ व्या वर्षी कळलं

ऑगस्ट १९६२. रुलव्हिलच्या एका चर्चमध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांची सभा होती. तिथे हेमर यांना पहिल्यांदा कळलं की काळ्या माणसांनाही मत द्यायचा घटनात्मक हक्क आहे. सनफ्लॉवर काउंटीत तेव्हा निम्म्याहून कितीतरी जास्त लोक काळे होते. मतदार यादीत मात्र शंभर काळ्या प्रौढांमागे एखाद-दुसराच होता.

३१ ऑगस्टला हेमर यांच्यासह १८ जण बसने इंडियानोलाच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले. तिथे परीक्षा होती. राज्यघटनेतलं एक कलम लिहून त्याचा अर्थ सांगायचा. हेमर यांना आलेलं कलम इतकं किचकट होतं की वकिलालाही घाम फुटावा. त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. कारण काय, तर बसचा रंग जरा जास्तच पिवळा आहे! ड्रायव्हरला दंड झाला.

घरी पोहोचल्या तर मालक वाट बघत होता. अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड. त्या प्लँटेशनवर १८ वर्षं काम केलेल्या हेमर यांनी त्याच रात्री घर सोडलं. पॅपना वेचणी संपेपर्यंत थांबावं लागलं. काही दिवसांनी, १० सप्टेंबरच्या रात्री, हेमर ज्या घरी आसऱ्याला होत्या त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या तेव्हा तिथे नव्हत्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या.

जूनमध्ये एका प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावच्या बस स्टँडवर त्यांना आणि सहकाऱ्यांना अटक झाली. तुरुंगात अधिकाऱ्यांनी दोन काळ्या कैद्यांना हुकूम देऊन हेमर यांना मारायला लावलं. किडनीला कायमची इजा झाली, डोळ्यावर परिणाम झाला. आरोपी अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

ज्या माणसाच्या हाती शेतीची तिजोरी, त्याच्याविरुद्ध निवडणूक

१९६४ मध्ये हेमर अमेरिकन संसदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोर होते जेमी व्हिटन. हे नाव लक्षात ठेवा. कारण देशाच्या शेतीचं बजेट ज्या उपसमितीतून जायचं, तिचे व्हिटन अध्यक्ष होते. कापसाच्या अनुदानाला किती पैसा आणि गरिबांच्या अन्नाला किती, यात त्यांचा शब्द मोठा होता. हेमर पक्षांतर्गत फेरीतच हरल्या. मतदार यादीतच काळे लोक नव्हते, तर दुसरं काय होणार?

त्याच वर्षी २२ ऑगस्टला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात हेमर यांनी साक्ष दिली. फक्त गोऱ्यांनी निवडलेले मिसिसिपीचे प्रतिनिधी खरे, की सगळ्यांना घेऊन बनलेली आमची फ्रीडम पार्टी खरी, हा वाद होता. हेमर यांनी आपली बेदखली आणि तुरुंगातली मारहाण सांगितली. टीव्हीवर हे चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद घेतली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. पण वाहिन्यांनी संध्याकाळी साक्ष दाखवली आणि कापूस वेचणारी ही बाई देशभरात पोहोचली. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. फ्रीडम पार्टीने त्या नाकारल्या.

पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, मतदान हक्क कायदा झाला.

१९६५ चा दुसरा कायदा, ज्याची चर्चा कमी होते

त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, शेतीचा. यात कापसाचा आधारभूत दर खाली आणला गेला आणि त्याबदल्यात लागवड कमी करणाऱ्यांना थेट पैसे द्यायचं ठरलं. जितकी जमीन जास्त, तितका चेक मोठा. ईस्टलँड यांच्यासारख्यांना लाखाच्या घरात डॉलर मिळू लागले ते यातूनच. हेच ईस्टलँड सिनेटच्या कृषी समितीतही होते.

डेल्टात कापसाचं क्षेत्र घटलं. फेब्रुवारी १९६७ पासून मोठ्या शेतांवरच्या मजुरांना तासाला किमान एक डॉलर द्यायचा नियम लागू झाला. मालकांनी हिशोब केला, तणनाशक आणि यंत्र स्वस्त पडत होतं. एका हंगामात हजारो मजुरांचं काम गेलं.

मग खायचं काय? सरकार आधी काही भागांत पीठ, तेल, दूध पावडर फुकट वाटायचं. त्याऐवजी आता फूड स्टँप आले. पण हे स्टँप विकत घ्यावे लागायचे. अजिबात उत्पन्न नसलेल्यालाही महिन्याला माणशी दोन डॉलर भरावे लागत. ज्याच्याकडे रोख पैसाच नाही, तो दोन डॉलर आणणार कुठून? मिसिसिपीत सरकारी मदतीवरच्या कुटुंबाला एका मुलामागे महिन्याला दहा डॉलरसुद्धा मिळत नव्हते. एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी डेल्टात आले, तेव्हा त्यांनी पोट फुगलेली, अंगावर फोड आलेली मुलं पाहिली.

त्याच वर्षी हेमर यांची मोठी मुलगी डोरोथी जीन गेली. ती कुपोषित होती. जवळच्या हॉस्पिटलांमध्ये उपचार मिळाले नाहीत, दूर मेम्फिसला न्यावं लागलं. हेमर दांपत्याने तिच्या दोन लहान मुलींना दत्तक घेतलं.

त्यानंतर हेमर यांच्या भाषणांचा रोख बदलला. नुसतं मत देऊन पोट भरत नाही. मत दिलं म्हणून मालक जर घरातून काढू शकतो आणि उपाशी ठेवू शकतो, तर आधी स्वतःची जमीन आणि स्वतःचं अन्न हवं. ईस्टलँड यांचं नाव घेऊन त्या विचारायच्या की शेत पडीक ठेवायला सरकारकडे पैसा आहे, मग त्याच काउंटीतल्या उपाशी मुलांसाठी का नाही?

भेंडी, डुकरं आणि ६८० एकर

१९६९ मध्ये हेमर यांनी देणग्या गोळा करून सनफ्लॉवर काउंटीत ४० एकर जमीन घेतली आणि फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. दोनेक वर्षांत ती सुमारे ६८० एकरांपर्यंत गेली. गायक हॅरी बेलाफाँटे यांच्यासारख्यांनी पैसे उभे करायला मदत केली.

शेताचा बराच भाग खाण्याच्या पिकांसाठी होता. शेंगा, पालेभाज्या, भेंडी, मका. वर्गणी महिन्याला एक डॉलर. ज्यांना तीही झेपत नव्हती, त्यांनाही भाजी मिळायची. मजूर शेतात राबले की घरी भाजी न्यायचे. जमिनीचे हप्ते फेडायला काही एकरांवर सोयाबीन आणि हो, कापूसही होता.

सोबत होती डुकरांची बँक. नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो वुमन या संस्थेने जनावरं दिली. गरजू कुटुंबाला एक मादी मिळायची. ती व्यायली की दोन पिल्लं बँकेला परत, बाकीची कुटुंबाची. परत आलेली पिल्लं पुढच्या घरी जायची. शेळीपालनाच्या बचत गटात काम केलेल्या कुणालाही हे गणित लगेच कळेल.

पण इथेही सरकारी अनुदानाची यंत्रणा आडवी आलीच. कोण किती एकर कापूस लावणार, हे काउंटीच्या पातळीवरच्या शेतकरी समित्या ठरवायच्या. समित्या निवडणुकीतून बनायच्या, पण दक्षिणेत त्यांवर गोऱ्या जमीनदारांचाच ताबा होता. काळ्या शेतकऱ्यांचा कोटा कमी करणं, कर्ज हंगाम संपता संपता देणं, योजनांची माहितीच न पोहोचवणं, हे सरकारच्याच नागरी हक्क आयोगाने १९६५ च्या अहवालात मांडलं होतं.

१९७० मध्ये संसदेने अनुदानावर मर्यादा आणली. एका शेतकऱ्याला एका पिकासाठी जास्तीत जास्त ५५ हजार डॉलर. मोठ्या मालकांनी काय केलं? कागदावर शेतीचे तुकडे केले. बायको, मुलं, भागीदार, प्रत्येकाच्या नावाने वेगळा चेक. सरकारची बचत नावापुरतीच झाली.

फ्रीडम फार्मकडे असा कुठलाच आधार नव्हता. एकामागोमाग दुष्काळ आणि पूर आले. देणग्या आटल्या. हेमर स्वतः आजारी पडू लागल्या. हप्ते आणि कर थकले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जवळजवळ सगळी जमीन हातातून गेली. कारभारात शेती आणि व्यवस्थापन जाणणारी माणसं कमी पडली, हेही खरं. पण पावसाने दगा दिला तर ईस्टलँड यांच्याकडे पुढच्या वर्षीचा चेक होता. हेमर यांच्याकडे फक्त देणगीदारांना लिहायची पत्रं होती.

१४ मार्च १९७७ रोजी माउंड बायूच्या हॉस्पिटलमध्ये फॅनी लू हेमर यांचं निधन झालं. वय ५९. कॅन्सर आणि उच्च रक्तदाबाने शरीर थकलं होतं, विनोनाच्या तुरुंगातल्या जखमा होत्याच. रुलव्हिलमध्ये फ्रीडम फार्मच्या उरलेल्या जमिनीवर त्यांचं दफन झालं. पॅप यांना पुढे तिथेच, शेजारी जागा मिळाली. ईस्टलँड १९७८ च्या अखेरीस सिनेटमधून निवृत्त झाले.

पुढे काय झालं?

काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर केलेला भेदभावाचा खटला १९९९ मध्ये तडजोडीने मिटला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. २०२४ मध्ये सरकारने भेदभाव सोसलेल्या शेतकऱ्यांना आणखी सुमारे दोन अब्ज डॉलर वाटले. तोपर्यंत बहुतेकांची जमीन कधीच गेलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये हेमर यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आलं.

अमेरिकेच्या कापूस अनुदानाचा प्रश्नही संपलेला नाही. या अनुदानामुळे जागतिक बाजारात भाव पडतात, अशी तक्रार घेऊन ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि जिंकलाही. विदर्भातल्या कापूस आंदोलनांमध्ये अमेरिकन सबसिडीचा उल्लेख येतो तो याच कारणाने.

आणि एक शेवटचं. आपल्याकडे पीएम किसानचे पैसे सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येतात. बटाईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे त्याचं नाव यादीत नसतं. बियाण्याचा खर्च त्याचा, फवारणी त्याची, बोंडअळीचं नुकसानही त्याचंच. पुढच्या वेळी शेतकऱ्यांच्या खात्यात इतके कोटी जमा अशी बातमी शेअर कराल, तेव्हा आपल्या गावात त्यातले किती पैसे प्रत्यक्ष कापूस पिकवणाऱ्याला मिळाले, हे एकदा विचारून बघा.